डीमन अजून आम्स्टरडॅममध्ये का नाही?

(डीमन येथील बैठकीत केलेले भाषण, किंचित संक्षेपाने.)



आज आपण ज्या गावात जमलो आहोत, त्याच गावाबद्दल मी बोलणार आहे. माझे संशोधन माती आणि पाण्याचे. राज्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण डीमनच्या मातीबद्दल बोलू लागले की नगरपालिकेचा विषय आपोआप निघतो.

ही जमीन मुळात दलदलीची, कुजलेल्या वनस्पतींची. तिच्यातले पाणी काढले की ती हवेच्या संपर्काने कुजते आणि खचते. खचली की पाणी पुन्हा उपसावे लागते! त्यामुळे बंधारा सांभाळणे हे इथले पहिले सार्वजनिक काम. शेजारचे डीमरमेअर हे तळे १६२९ साली उपसून कोरडे केले. १६५१ मध्ये समुद्रबांध फुटला आणि ते पुन्हा बुडाले. १९३२ साली उत्तरेला मोठे धरण झाले, समुद्राचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले, आणि डीमनचा समुद्रबांध केवळ नावापुरता उरला.

पाण्याचा धोका कमी झाला, पण शहर पुढे सरकत होते. त्या तळ्याच्या जागी वसलेली वाटरग्राफ्समेअर ही स्वतंत्र नगरपालिका १९२१ साली आम्स्टरडॅमने गिळली. १९६६ मध्ये दक्षिणेकडची बाइल्मरमेअरची जमीनही शहराकडे गेली. आज आम्स्टरडॅमचा आग्नेय भाग उरलेल्या शहरापासून तुटलेला आहे. मध्ये डीमन आणि आउडर-आम्स्टेल ही गावे आहेत. आपली मेट्रो शहरातून निघते, डीमनमधून जाते आणि पुन्हा शहरात शिरते. जेमतेम १४ चौरस किलोमीटरचे, तीस हजारांवर वस्तीचे हे गाव मात्र स्वतंत्र आहे.

या स्वातंत्र्याची किंमत आहे. २०१५ पासून वृद्धांची काळजी, बालकल्याण अशी कामे केंद्राने नगरपालिकांवर सोपवली. लहान गावाला एवढे तज्ज्ञ कुठून परवडणार? म्हणून २०१६ साली डीमन, आउडर-आम्स्टेल आणि आउटहोर्न यांनी मिळून एक सामायिक कार्यालय सुरू केले. निवडून दिलेली सभागृहे मात्र वेगळीच ठेवली. देशभर उलटा प्रवाह आहे. १८५०च्या सुमारास बाराशेच्या आसपास नगरपालिका होत्या, २०२३ मध्ये ३४२ उरल्या.

विलीनीकरण वाईटच असते असे मी म्हणत नाही. जवळचे वेस्प २४ मार्च २०२२ रोजी आम्स्टरडॅममध्ये गेले. पण २०१८ साली तिथल्या नागरिकांना मतदानाने विचारले होते, शहरात जायचे की दुसऱ्या शेजाऱ्याकडे. विलीन झाल्यावरही त्यांना निवडून दिलेली स्थानिक समिती मिळाली.

आता आपल्या पुण्याकडे पाहू. १९९७ मध्ये ३८ गावे पालिकेत आणण्याचा निर्णय झाला, त्यातली काही पुढे वगळली. २०१७ मध्ये ११ आली, २०२१ च्या जूनअखेर आणखी २३. फुरसुंगी आणि उरुळी देवाची आत घेऊन पुन्हा बाहेर काढली. लोकांना मतदानाने कोणी विचारले? ग्रामपंचायत गेली, ग्रामसभा गेली. मार्च २०२२ मध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचे राज्य चालले. म्हणजे त्या काळात त्या २३ गावांना सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. टँकर मात्र चालूच.

७४व्या घटनादुरुस्तीने पालिकांना घटनात्मक स्थान दिले, ही मोठी गोष्ट आहे. पण ते स्थान तारखेवर निवडणूक झाली तरच खरे.

शेवटी आपल्याबद्दल. या देशात सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकाला नगरपालिकेसाठी मतदान करता येते. १९८६ पासून ही सोय आहे. भारतीय पासपोर्ट न सोडता! तरी आपल्यातले अनेकजण ते कार्ड टपालातल्या जाहिरातींबरोबर टाकून देतात. संसदेत आपल्याला मत नाही हे मान्य. पण शाळेची इमारत, भाड्याची घरे, सायकलचा रस्ता, आईवडील आपल्याकडे राहायला आले तर त्यांची सोय, हे सारे इथल्याच सभागृहात ठरते. गावाने स्वतःचे सभागृह टिकवले. त्यात आपला आवाज असावा की नाही, हे आपल्याच हाती आहे.

आता चर्चा करूया.