सापाने डूख धरला नव्हता

‘साप डूख धरतो’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. साप माणूस लक्षात ठेवून सूड घेत नाही. पण ही समजूत गुन्हेगाराच्या पथ्यावर पडते.

२०२० साली केरळमध्ये एका तरुण विवाहितेला मार्चमध्ये घोणस चावली. ती वाचली. मे महिन्यात माहेरी झोपेत नाग चावला, ती गेली. आईवडिलांना संशय आला म्हणून नीट तपास झाला. दोन्ही साप नवऱ्यानेच विकत आणले होते! दंशाच्या खुणांमधलं अंतर नेहमीच्या चाव्यापेक्षा जास्त होतं, म्हणजे नागाचं डोकं दाबून चावा करवला होता. डोळा तिच्या सोन्यानाण्यावर होता. २०२१ मध्ये कोल्लमच्या न्यायालयाने त्याला दुहेरी जन्मठेप दिली.

स्त्रीधन बाईचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलं. दागिन्यांची यादी, पावत्या तिच्याच हाती हव्यात.

‘सर्पदंशाने विवाहितेचा मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी दिसली, तर तिच्या माहेरी जाऊया. लग्नाला सात वर्षं झाली नसतील, तर नातलगांच्या मागणीवरून शवविच्छेदन करवून घेता येतं, हे त्यांना सांगूया. आणि विचारूया, तिचं सोनं कुठे आहे?