तुरुंगाबाहेरचा पहिला पगार



सुटलेला कैदी पुन्हा तुरुंगात का येतो, हा आजचा विषय. धुळ्यात तुरुंग म्हटलं की १९३२ साल आठवतं. दर रविवारी विनोबांची गीता-प्रवचनं, ती उतरवून घेणारे साने गुरुजी. तुम्हां धुळेकरांना ते मी काय सांगणार! पण विनोबांसमोर सत्याग्रही बसले होते. पाकीटमाराला प्रवचनाआधी पगार लागतो. (कुजबुज) थांबा, विनोबांना मी कमी लेखत नाहीये.

पगारानं काय साधतं, याचं आपल्या धरणगावचं उदाहरण ऐका. १८१८ला इंग्रज खानदेशात आले. घाटांवरचे हक्क गेलेले, पोटाला काही नाही, म्हणून भिल्ल लूट करत होते. सात वर्षं पलटणी डोंगरात फिरल्या, उपयोग शून्य. मग मुंबईच्या गव्हर्नर एल्फिन्स्टननं मागचे गुन्हे माफ करून नोकरी देण्याचं धोरण आखलं. १८२५ला औट्रम नावाचा कोवळा अधिकारी आला. एकटाच रानात गेला, भिल्ल नाईकांबरोबर राहिला, त्यांना ब्रँडी पाजली... (हशा) अध्यक्ष माझ्याकडे का बघतायत? ही शिफारस नाही! तर आधी फक्त पाच जण तयार झाले. त्या पाचांतून धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. तिकडे कन्नडला ओव्हन्स हा दुसरा अधिकारी भिल्लांना जमीन आणि तगाई देत होता. यात साहेबाचा स्वार्थ होताच. तरी त्यानं लुटारू ठरवलेल्यांच्याच हाती बंदूक आणि पगार दिला.

पुढे ही पलटण मालेगावला गेली, तेव्हा तिथले वरच्या जातींचे शिपाई या भिल्लांच्या शेजारी येऊन बसले, त्यांना सुपारी दिली. आज सुपारी म्हटलं की भलतंच आठवतं. (हशा) त्या काळी मात्र तो मान होता, आणि पगाराइतकाच तोही कामाला आला असणार.

चिठ्ठी आलीय: 'तुम्ही ठेवाल का चोराला घरी?' घरी कशाला? मी कारखान्याचं बोलतोय. जळगावात डाळमिल आहेत, चटईचे कारखाने आहेत. सुटलेला माणूस पिशवी घेऊन तिथल्या फाटकाशी जातो, तर पहिला प्रश्न चारित्र्याच्या दाखल्याचा. दाखला नाही, तर काम नाही. रात्री त्याला ओळखणारे उरतात ते जुने साथीदार. जेवूही तेच घालतात.

पाच मिनिटं राहिली? बरं. आटपाडीच्या स्वतंत्रपूरसारख्या खुल्या कारागृहांचं सांगायचं होतं, ते राहू द्या. सुटलेल्यांसाठी सरकारची अर्थसाह्याची योजना आहे, जिल्हा परिविक्षा अधिकारीही आहे. पण ते कार्यालय नोकऱ्या निर्माण करू शकत नाही. तुम्ही करू शकता. सभागृहात कारखानदार बसलेत, नावं घेत नाही. उद्या त्या कार्यालयात जा आणि सांगा, माझ्याकडे एक जागा आहे, माणूस पाठवा. पहिल्या महिन्याचा पगार मात्र आठवड्याच्या आठवड्याला द्या.