शहर तशी खोड

सिग्नल लाल, तरी मागून भोंगे सुरूच! मुंबईकरांची ही जुनी खोड. ती मोडायला मुंबई पोलिसांनी 2019 च्या अखेरीस काही निवडक सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. जितका गोंगाट, तितकं थांबणं.

पुण्याची तऱ्हा वेगळी. हे दुचाकींचं शहर. पुढचं वळण लांब पडतं म्हणून उलट्या दिशेनं गाडी घालायची, कोंडी झाली की थेट फुटपाथवर चढवायची. हेल्मेट? ते बरेचदा आरशाला लटकलेलं.

गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली, की स्थानिक माणूस जरा अंतर राखतो. ती भाड्याची गाडी. अनोळखी, अरुंद, वळणाचा रस्ता. चालवणाऱ्याचा एक डोळा मोबाइलच्या नकाशावर, आणि मध्येच कचकन ब्रेक.

खोडी शहरागणिक बदलतात; मोटार वाहन कायदा मात्र तिन्हीकडे एकच आहे. तेव्हा श्रोतेहो, आज घरी जाताना हेल्मेट आरशाला नको, डोक्यावर असू द्या. आणि हो, पट्टाही लावा.