खिशातील संग्रह

एखादी वस्तू बाजारातून नाहीशी झाली म्हणजे तिची उपयुक्तताही संपली, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. ॲपल कंपनीच्या आयपॉडने मात्र ही समजूत खोटी ठरविली आहे. २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड जगापुढे आला. मे २०२२ मध्ये ह्या मालिकेतील शेवटचे यंत्रही बंद होत असल्याचे कंपनीने जाहीर केले. तरीही जुन्या बाजारात आयपॉड शोधणारी, त्याचे पोट उघडून त्यात नवी बॅटरी बसविणारी माणसे आजही आढळतात. एकच मोबाइल फोन बोलणे, छायाचित्रे आणि संगीत ही सारी कामे करीत असताना ह्या उपद्व्यापाचे प्रयोजन काय, असे कुणी विचारील. हौस हे त्याचे एक उत्तर आहे. पण ते पुरेसे नाही.

आज बहुतेकांकडे संगीत येते ते वाचनालयातील पुस्तकासारखे. वर्गणी भरली आहे तोवर ते आपले. वाचनालयाचे उपकार कोण नाकारील? परंतु ज्याच्या घरी स्वतःची अशी चार पुस्तकेही नाहीत, त्याला आपण ग्रंथसंग्राहक म्हणत नाही. शिवाय वाचनालयाच्या यादीतून एखादे पुस्तक कधी काढून टाकले जाईल, हे वाचकाच्या हाती नसते. परवान्याची मुदत सरली की ध्वनिमुद्रणेही तशीच एके दिवशी दिसेनाशी होतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मराठी कुटुंबांचा सर्वांत मोलाचा ठेवा अशा यादीत कधी नव्हताच. दिल्ली, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या कितीतरी घरांतून कॅसेटांची एक पेटी असते. कुणी गणेशोत्सवातील गाणे टिपून ठेवलेले असते, कुणी दिवाणखान्यातली बैठक, कुणी रेडिओवरून घेतलेली रात्रीची संगीतसभा, तर कुणी आजीच्या तोंडच्या ओव्या. माझ्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाच्या सामानात ही पेटी गावोगाव फिरते आणि दर मुक्कामी तिच्यातील फीत थोडी थोडी झिजते. ह्या फितींवरील आवाज संगणकावर उतरवून घेतला, तर तो ऐकण्यासाठी एक साधे, एकमार्गी यंत्र हवे. जुन्या आयपॉडची निवड करावयाची ती ह्या दृष्टीने.

निवडीची पहिली कसोटी रूप ही नव्हे आणि किंमत हीही नव्हे. यंत्र उघडता येते की नाही, ही ती कसोटी होय. २००४ साली निघालेल्या आयपॉड मिनीत जेमतेम एक इंच व्यासाची हार्ड डिस्क होती. तिच्या जागी छायाचित्रकारांचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड सरळ बसते, मध्ये दुसरा कसलाही सांधा लागत नाही. लहान संग्रहाला हे यंत्र पुरेसे आहे. मोठा संग्रह असेल तर पाचव्या पिढीचा आयपॉड घ्यावा. तो ऑक्टोबर २००५ मध्ये ३० व ६० गिगाबाइटांच्या, आणि सप्टेंबर २००६ मध्ये सुधारून ३० व ८० गिगाबाइटांच्या रूपांत निघाला. पातळ पात्याने कडा सैल केल्या की ह्याचे पाठीमागचे पोलादी झाकण निघते. २००७ पासून २०१४ पर्यंत विकला गेलेला आयपॉड क्लासिक दिसावयास अधिक भक्कम आहे. पण त्याची पुढची बाजूही धातूची असून दोन्ही झाकणे एकमेकांत इतकी घट्ट अडकविलेली आहेत की, नवख्या हातून ती वाकल्यावाचून राहत नाहीत.

पाचव्या पिढीतही एक बारीक भेद ध्यानात घ्यावा. ३० गिगाबाइटांच्या यंत्रात कार्यकारी स्मृती ३२ मेगाबाइट आहे. ६० आणि ८० गिगाबाइटांच्या यंत्रांत ती ६४ आहे. गीतांची सूची ह्या स्मृतीत मांडली जाते, म्हणून तिच्यावर भार पडतो तो गीतांच्या संख्येचा. तीन मिनिटांची हजारो भावगीते जमविणाऱ्याने ६४ मेगाबाइटांचे यंत्र शोधावे. तास-तासभराचे ख्याल ऐकणाऱ्याच्या संग्रहात नगांची संख्या मुळातच थोडी असते. त्याचे ३२ वर सुखाने भागते.

विकत घेण्यापूर्वी यंत्र हातात घेऊन पाहावे. बोट फिरविण्याचे चक्र सर्व बाजूंनी सारखे चालते का, कळा बंद ठेवण्याची वरची खिट्टी नीट सरकते का, हेडफोनच्या दोन्ही कानांत आवाज येतो का, हे तपासावे. जुनी हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर बिचकण्याचे कारण नाही; ती आपण बदलणारच आहोत. उलट त्या निमित्ताने किंमत थोडी उतरवून मागता येईल. पडदा फुगलेला किंवा झाकण उचललेले दिसले, तर मात्र आत बॅटरी फुगली आहे असे समजावे. तिला टोचू किंवा दाबू नये. जाणकार कारागिराकडूनच ती काढवून घ्यावी.

नूतनीकरण दोन गोष्टींचे करावयाचे. एक बॅटरी, दुसरी साठवण. हार्ड डिस्कच्या जागी छोटा अडॅप्टर बसवून त्यात मेमरी कार्ड घालतात. कार्डात फिरणारा भाग नसल्याने ते वीज कमी खाते आणि हिसक्यांना दाद देत नाही. शिवाय त्याने जागा इतकी थोडी व्यापली जाते की, उरलेल्या पोकळीत मोठी बॅटरी मावते. झाकण उघडताना मात्र घाई नको. बॅटरीची आणि हेडफोनच्या खाचेची पट्टीसारखी तार मागच्या झाकणापासून मुख्य पटलापर्यंत गेलेली असते. झाकण एकदम ओढले की ती तुटते.

साठवण किती असावी? येथे हावेला आवर घालणे इष्ट. प्रतिसेकंद २५६ किलोबिट ह्या दर्जाने एका मिनिटाच्या संगीतास सुमारे २ मेगाबाइट लागतात. म्हणजे १२८ गिगाबाइटांच्या कार्डावर हजार तासांहून अधिक संगीत मावते. रोज तीन तास ऐकले, तरी ते संपावयास वर्ष लागेल. कॉम्पॅक्ट डिस्कवरील मूळ स्वरूपात मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट लागतात. काहीही न गाळता आवळले तर सामान्यतः त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून पूर्ण प्रत घरच्या संगणकावर ठेवावी आणि खिशात आवळलेली न्यावी. कॅसेटीवरून उतरविलेल्या गाण्यात फितीची खरखर असतेच. प्रवासात हा फरक कानाला जाणवणेही कठीण.

पाचव्या पिढीच्या यंत्रात वुल्फसन कंपनीची ध्वनिचकती आहे आणि तिच्या माधुर्याविषयी शौकिनांत पुष्कळ बोलले जाते. ह्या वादात शिरण्यापेक्षा चांगला हेडफोन घेणे अधिक फलदायी होय. ज्याला मूळ प्रणालीचे बंधन नको असेल, त्याला रॉकबॉक्स नावाची विनामूल्य प्रणाली घालता येते. मूळ आयपॉड वाजवू शकत नाही ती फ्लॅक पद्धतीची ध्वनिमुद्रणे ती वाजविते.

इतके झाले तरी खरे काम पुढेच असते, आणि ते कोणताही कारागीर आपल्यासाठी करू शकत नाही. हे काम म्हणजे नावे लिहिण्याचे. संगणकावर उतरविलेली फीत ‘बाजू अ’ ह्या नावाने पडून राहिली, तर ती असून नसल्यासारखीच. गायक कोण, राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण होते, बैठक कुठे व कोणत्या साली झाली, हे ठाऊक असलेली वडीलधारी माणसे आहेत तोवरच विचारून नोंदवून घेतले पाहिजे. मुलाने हेडफोनचा एक कान आजोबांना द्यावा, दुसरा स्वतः घ्यावा आणि ते सांगतील ते टिपत जावे. नवी बॅटरी पुन्हा मिळेल, नवे कार्डही मिळेल. ह्या नोंदी सांगणारा माणूस मात्र पुन्हा मिळणार नाही.

आणखी एक सावधगिरी. खिशातील यंत्र हे संग्रहाचे घर नव्हे. ते नुसते बाहेर नेण्याचे पात्र आहे. कार्ड बिघडते, यंत्र हरवते. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. त्यांतील एक दुसऱ्या गावी, भावंडाकडे ठेवली तर उत्तमच.

जुने यंत्र निवडताना जो विचार आपण करतो, तोच सर्व संग्रहाला लागू पडतो. जे उघडता येते, दुरुस्त करता येते आणि दुसऱ्याच्या हाती सोपविता येते, तेच खऱ्या अर्थाने आपले असते.