तुरीचे बी कोणी राखावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शेतकीच्या संशोधनावर बायकांच्या मंडळात काय बोलायचे, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. पण तिफणीमागे सरते धरून तुरीची मूठ सोडणारी बाईच, शेंगा बडवणारी बाईच आणि जात्यावर डाळ भरडणारीही बाईच. तेव्हा मी आज वरणाच्या पातेल्यापासून निघून शेतापर्यंत आणि तेथून बदनापूरच्या संशोधन केंद्रापर्यंत आपल्याला नेणार आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात तूर बहुतेक कपाशीत नाही तर सोयाबीनमध्ये ओळीने असते. तिला दोन मोठी दुखणी आहेत. पहिले मर. हिरवेगार, फुलावर आलेले झाड बघता बघता माना टाकते. शेजारचे धड आणि हे वाळलेले, म्हणून आपण दृष्ट लागली म्हणतो. त्या झाडाचे खोड उभे चिरून पाहा, आत काळपट रेघा दिसतील. जमिनीतली एक बुरशी बारीक मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवते. पायाशी ओल असून झाड तहानेने मरते! बिहारातील पुसा येथे बटलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०६ साली या रोगाची नोंद केली. ही बुरशी मेलेल्या धसकटांत दोन-तीन वर्षे जिवंत राहते, म्हणून त्याच तुकड्यात दरसाल तूर घेणे म्हणजे तिला घरचे जेवण घालणे होय.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. हैदराबादेजवळ पाटणचेरूला जी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिच्या प्रयोगांत ज्वारीबरोबर पेरलेल्या तुरीत मर कमी आढळली. आपल्या आज्या खरिपाच्या ज्वारीत तुरीच्या ओळी टाकीत, त्या काही पुस्तक वाचून नव्हे. सोयाबीन आले, खरिपाची ज्वारी मागे पडली, आणि तिच्याबरोबर हे फुकटचे औषधही गेले. सोयाबीन पेरू नका असे मी म्हणणार नाही, त्यावर पोरांच्या फिया भरल्या जातात. पण काय गेले ते तरी ठाऊक असावे.

दुसरे दुखणे 'वांझ'. हे नाव मला मुळीच आवडत नाही, पण चालत आले आहे. झाड दाट, फिकट हिरवे, बारीक पानांचे होते. त्याला ना फूल ना शेंग. १९३१ साली नोंदलेल्या या रोगाचे मूळ कारण विषाणू आहे, हे सिद्ध व्हायला चालू शतक उजाडावे लागले. डोळ्यांना न दिसणारा एक कोळी वाऱ्यावर बसून हा विषाणू झाडोझाडी नेतो. हिरव्या शेंगांसाठी परसात, बांधावर आपण जी दोन-चार तुरीची झाडे वर्षानुवर्षे राखतो, तीच पुष्कळदा या कोळ्याचे माहेर असते. झाड वांझ दिसले की त्याची माया न धरता ते उपटून जाळावे.

आता बदनापूर. जालना जिल्ह्यातले हे केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठाचे. जमीन निरोगी राखण्याची आपली धडपड असते. रोगाला पुरून उरणारा वाण शोधणारे शास्त्रज्ञ मात्र एक तुकडा मुद्दाम रोगट करतात. मरीने मेलेली झाडे त्यात गाडतात आणि शेकडो वाण तेथे पेरतात. जो वाण त्यात उभा राहील तो पुढे न्यायचा. वांझ रोगासाठी तर त्याहून गमतीची रीत आहे. रोगट झाडाचे पान घेऊन ते कोवळ्या रोपाच्या पानावर कागद टाचण्याच्या यंत्राने टाचून टाकतात. रोगट पान वाळू लागले की कोळी हिरव्या पानावर चालत जातो. कचेरीतल्या टाचणयंत्राचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे ऐकला नाही.

अशा चाळणीतून १९९० च्या दशकात बीएसएमआर-७३६ हा लाल तुरीचा वाण आला. तो दोन्ही रोगांना दाद देत नाही, पण त्याला सुमारे सहा महिने लागतात, आणि आपल्या मुरमाड रानात पाऊस सप्टेंबरात पाठ फिरवतो. मग २०१२ साली पांढऱ्या दाण्याचा बीडीएन-७११ आला, दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांचा. जमिनीतली ओल संपण्याआधी त्याचे दाणे भरतात. नंतर लाल दाण्याचा बीडीएन-७१६ निघाला.

हे सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत. म्हणजे त्यांचे बी घरी राखता येते, दरसाल पिशवी विकत घ्यावी लागत नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजारणीला देण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. छापील नावाची पिशवी करून मात्र विकता येत नाही. पण तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात आणि शेजारच्या वाणाची भेसळ करतात. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या तुरीपासून शंभर मीटर अंतर ठेवतात. तेवढे जमले नाही तर तुकड्याच्या मधल्या ओळींतले बी घ्यावे, कडेचे खाण्यास ठेवावे.

आता माझा मुख्य प्रश्न. बी निवडण्याची वेळ तूर काढणीची नव्हे. मर फुलोऱ्यात दिसते, वांझ त्याच्याही आधी. तेव्हाच रोगट झाडे काढावी आणि भरदार, निरोगी झाडांना चिंधी बांधावी. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बाया कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. तूर निघते तेव्हा ज्या बाईला त्या रानातले झाड न् झाड माहीत, ती कोपीत असते. मागे राहिलेले माणूस सगळी तूर एकत्र बडवते, आणि त्यातूनच बी ठेवले जाते. मर झालेल्या झाडाचे चिमटे दाणेही त्यात मिसळतात. संशोधन केंद्राने दहा-बारा वर्षे खपून केलेली निवड अशी दोन-तीन हंगामांत मातीमोल होते. यात त्या बायांचा दोष कसला?

म्हणून जाण्यापूर्वी, तूर फुलात येताच, चिंध्या बांधून जाव्या आणि घरच्या सासूबाईंना किंवा गावात राहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला तेवढीच झाडे वेगळी काढायला सांगावे. बी कडकडीत वाळवावे, दाताखाली कट्ट वाजले पाहिजे. मग राख मिसळून कोठीत भरावे, नाहीतर भुंगा शेतातूनच शेंगेत घुसून सोबत आलेला असतो. पेरताना ट्रायकोडर्मा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात चोळावे.

परभणीस १८ मे रोजी, विद्यापीठाच्या स्थापनादिनी, खरीप मेळावा भरतो आणि तेथे बी मिळते. यंदा आपण चौघीजणी मिळून बीडीएन-७११ ची एक पिशवी आणू. ज्या बाईच्या रानाजवळ दुसरी तूर नसेल तिने ती पेरावी, आणि चिंध्या बांधायला आम्ही बाकीच्या येऊ. जिला यायचे असेल तिने सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.