अश्लीलतेचे माप



पहाटे नर्मदेत स्नानास उतरलेला पुरुष केवळ पंचा नेसलेला असतो. स्त्रिया ओलेत्या लुगड्याने काठावर येतात. त्यात कोणास काही वावगे दिसत नाही. तोच पुरुष त्याच पंचानिशी निसरपुराच्या बाजारात हिंडू लागला, तर लोक थबकून पाहतील. देह तोच, वस्त्रही तेच. पालटले ते केवळ स्थान. सार्वजनिक सभ्यतेचा सारा वाद या एका फरकात सामावलेला आहे.

आपल्या साहित्यशास्त्राला हे ठाऊक होते. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात दोषांचा विचार करताना अश्लीलाचे तीन प्रकार सांगितले: लज्जा उपजविणारे, जुगुप्सा उपजविणारे आणि अमंगल सुचविणारे. पुढे त्यानेच असेही मांडले की, वक्ता, श्रोता व प्रसंग पाहता यातील काही दोष दोष राहत नाहीत, क्वचित गुणही ठरतात. वैराग्याचा उपदेश करणारा देहाची किळस वर्णितो, तेथे जुगुप्सा हेच त्याचे साधन असते.

राज्यकर्त्यांच्या कायद्यानेही वस्त्राची लांबी कोठे दिलेली नाही. १८६० च्या दंडसंहितेतील २९४ व्या कलमात सार्वजनिक ठिकाणचे अश्लील कृत्य, तेही इतरांस उपद्रव होईल असे, एवढेच दंडनीय होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९६ वे कलम त्याच्या जागी आले. शिक्षा पूर्वीप्रमाणेच तीन महिन्यांपर्यंत. ‘अश्लील’ म्हणजे काय, हे मात्र दोन्हीकडे न्यायाधीशांवर सोपविले आहे. २०२३ मध्ये उमरेडजवळील तिरखुरा येथे एका विश्रामस्थळी तोकड्या वस्त्रांत नृत्य चालले होते, म्हणून पोलिसांनी गुन्हा नोंदविला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. तोकडे वस्त्र व नृत्य एवढ्यावरून कृत्य अश्लील ठरत नाही, आणि एका पोलीस अधिकाऱ्याचे मत म्हणजे लोकांस झालेला उपद्रव नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. तो अनेकांस रुचला नाही. परंतु पाहणाऱ्याची नापसंती हाच गुन्हा मानला, तर उद्या स्नानाच्या घाटावरही कोणी फूटपट्टी घेऊन उभा राहील.

देवालयाची गोष्ट निराळी. ते देवाचे घर आहे, आणि घराचा रिवाज पाहुण्याने पाळावा हे योग्यच. उज्जयिनीस महाकालाच्या गाभाऱ्यात पुरुषास सोवळे व स्त्रीस साडी, हा दंडक स्पष्ट आहे. दोघांसही लागू आहे. (उघड्या अंगाने पूजा करणाऱ्यास आपण सोवळ्यातला म्हणतो, हेही येथे स्मरावे.) याउलट मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या भवानीमंदिरात असभ्य, अशोभनीय वस्त्रे घालणाऱ्यांस प्रवेश नाही, असे फलक लागले आणि त्याच दिवशी निर्णय मागे घ्यावा लागला. ‘अशोभनीय’ या शब्दाला माप नसते. ते माप मग दारावरचा सेवेकरी आपल्या डोळ्यांनी घेतो, आणि दुरून आलेली एखादी मुलगी रांगेतल्या शेकडो लोकांसमक्ष खाली मान घालून परत फिरते. नियमच हवा, तर तो साध्या शब्दांत लिहावा आणि दाराशी दहा-वीस स्वच्छ उपरणी ठेवावीत.

घाटावर खरी असभ्यता आता कोठे आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रे चोरून घेऊन पसरविणाऱ्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदविले. एकांताची अपेक्षा असलेल्या जागी स्त्रीच्या खासगी कृतीचे चित्र घेणे हा २०१३ पासून स्वतंत्र अपराध आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांचा कारावास. तोकड्या वस्त्राची चर्चा घरोघरी होते. हे कलम मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

२०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच पूर्ण भरले आणि निसरपुरात पाणी शिरले. बुडालेल्या गावांबरोबर ओळखीच्या पायऱ्या गेल्या, त्यांच्या आडचे कोपरेही गेले. नव्या काठावर उतरणाऱ्या स्त्रीला लुगडे बदलण्यापुरता आडोसा हवा. चार खांब, तीन बाजूंनी पत्रा आणि ओले वस्त्र टाकण्यास एक दांडी, एवढे पुरते. पुढच्या पर्वकाळापूर्वी ते उभे राहावे.