घरपट्टीची बाकी आणि भरवशाचा माणूस
(गांवच्या चावडीपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



थकलेल्या घरपट्टीची नोटीस दारीं आली, म्हणजे आपण प्रथम कोणाकडे धांव घेतों? जो गोड बोलतो त्याच्याकडे! येथेंच आपण बुडतों.

आमच्या घरीं सुतारकीचा धंदा. एकदां तीन सालांची घरपट्टी तुंबली. तालुक्याच्या गांवीं वडिलांना एक गृहस्थ भेटला. "वरपर्यंत ओळख आहे, निम्म्यांत मिटवून देतों," म्हणाला. आईची बुगडी मोडून वडिलांनीं त्याला पैसे दिले. पावती मागण्याची त्यांना लाज वाटली. पुढल्या सालीं पाहतात तों वहींत बाकी जशीच्या तशी! बुगडी गेली आणि बाकीही राहिली.

मग भरवसा ठेवावा कोणावर? आधीं कागदावर. ग्रामपंचायतींत नमुना ८ ही कर आकारणीची वही, नमुना ९ ही मागणीची. आपलें घर बरोबर लागलें आहे का, मागें भरलेले पैसे जमा आहेत का, हें डोळ्यांनीं पाहावें. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणारी लेक बरोबर न्यावी. पैसे भरतांच नमुना १० ची पावती घ्यावी. पावतीवांचून पैसे मागणारा आपल्या भावकींतला असला तरी तो मदतगार नव्हे.

तंटा असेल तर तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिति आहे. १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, अनुसूचित जातिजमाती, अपंग आणि ठरीव मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक यांना वकील फुकट मिळतो. १५१०० या दूरध्वनीवर विचारणा करावी. घरपट्टीच्या बाक्या लोकअदालतींतही तडजोडीला येतात. तेथें कोर्ट फी नाहीं. पण सावध असा! तेथें राजीखुशीनें झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाहीं. म्हणून रक्कम किती, हप्ते किती, हें वाचवून घ्यावें आणि मगच सही किंवा आंगठा करावा. पटलें नाहीं तर नाहीं म्हणण्यास मोकळे आहांत.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. अक्षरशत्रु शेतकरी कागदांत कसा नाडला जातो, हें त्यांनीं तेव्हांच दाखविलें. आतां तरी आपण शहाणे होऊं या. कर देणें हें आपलें कर्तव्य आहे. एकच कर दोनदां देणें हें मात्र कर्तव्य नव्हे!